दोघेही परवानाधारक वैमानिक, मग इन्स्ट्रक्टरचे तास कधी लिहायचे?

उजवी_सीट

नमस्कार मंडळी,

कोथरूड, बाणेर, सहकारनगर, पिंपरी अशा सगळीकडून सध्या मला एकच प्रश्न येतोय. कधी मुलं स्वतः विचारतात, कधी त्यांचे आईवडील. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा हा धागा काढते. मी अमेरिकेत सीएफआय, म्हणजे विमान उडवायला शिकवणारी सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर, म्हणून शिकवते, सध्या पुण्यात घरी आहे.

प्रश्न असा: "माझ्याकडे अमेरिकेचं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट आहे. मित्राकडे प्रायव्हेट किंवा कमर्शियल लायसन्स आहे. आम्ही दोघं मिळून उडालो. तो वेळ मी इन्स्ट्रक्टर म्हणून लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, लिहू शकतो का?"

शिकवलं असेल तर हो. नसेल तर नाही. खिशात सर्टिफिकेट आहे आणि आपण उजव्या सीटवर बसलो होतो, एवढ्याने इन्स्ट्रक्टरचा तास होत नाही.

आता नियम. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, भाग ६१ मध्ये कलम ६१.५१ आहे, लॉगबुकाचं. पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे कप्तान) वेळ कोणी लिहायचा ते त्याच्या पोटकलम (ई) मध्ये येतं. ज्या वर्गाच्या विमानाचं रेटिंग (ते उडवण्याची परवान्यावरची पात्रता) आहे त्या विमानाचे कंट्रोल्स एकट्याने हाताळणारा परवानाधारक तो वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो. आणि इन्स्ट्रक्टर, त्या विमानाचा पीआयसी होण्याइतकी रेटिंग्ज त्याच्याकडे असतील तर, अधिकृत इन्स्ट्रक्टर म्हणून काम करत असतानाचा सगळा वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो. म्हणजे एकाच उड्डाणात डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोघेही पीआयसी लिहितात आणि दोघांचंही बरोबर असतं. भारतात शिकलेल्यांना हे पहिल्यांदा ऐकलं की चुकीचं वाटतं, पण अमेरिकेत ते तसंच आहे.

हे पचायला एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी कोणाची हा एक प्रश्न, आणि पीआयसीच्या रकान्यात वेळ कोण लिहू शकतो हा दुसरा. जबाबदार कप्तान एकच असतो. रकाना मात्र दोघांचा भरू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक शंका हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे आलेल्या असतात.

उदाहरण देते. मित्राकडे सिंगल इंजिनाचं प्रायव्हेट लायसन्स आहे, आजवर सेसना १७२ उडवलंय. आता त्याला १८२ घ्यायचंय. त्याचं इंजिन २३० अश्वशक्तीचं, आणि २०० च्या वर गेलं की हाय परफॉर्मन्सची एंडॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरची लेखी मंजुरी, लागते. ती मिळेपर्यंत तो त्या विमानाचा कप्तान होऊ शकत नाही, कप्तान मीच. पण रेटिंग त्याच्याकडे आहे, त्यामुळे कंट्रोल्स त्याच्या हातात असतानाचा वेळ तो पीआयसी लिहू शकतो, शिवाय तोच वेळ ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकण्याचा वेळ, म्हणूनही. शेपटीखाली चाक असलेल्या टेलव्हील विमानांचंही तसंच. दोन इंजिनांच्या विमानात मात्र, त्याच्याकडे मल्टिइंजिन रेटिंग नसेल तर त्याला फक्त ड्युअल, पीआयसी नाही.

विचारा काय विचारायचं ते.

---

टच_अँड_गो

ताई, फार गरजेचा धागा. माझा एक प्रश्न. रविवारी मित्र विमान भाड्याने घेतो, आम्ही शेजारच्या विमानतळावर नाश्ता करून परत येतो. तो चांगला उडवतो, मी रेडिओ बघतो. हे लिहू का? माझे बरेच रूममेट लिहितात.

---

उजवी_सीट

नको लिहूस. त्या उड्डाणात तू प्रवासी होतास, फारतर मदतनीस. तुझ्या जागी लायसन्स नसलेला कोणी बसला असता तरी उड्डाणात काय फरक पडला असता?

त्याच नाश्त्याच्या फेरीत मित्राने निघण्यापूर्वी सांगितलं असतं, "माझं क्रॉसविंड लँडिंग कच्चं आहे, आज त्यावर काम करू", तुम्ही जमिनीवर दहा मिनिटं बोलला असतात, हवेत तू त्याच्याकडून ते करून घेतलं असतंस, उतरल्यावर काय जमलं काय राहिलं ते सांगितलं असतंस आणि त्याच्या लॉगबुकात सही केली असतीस, तर तो वेळ तुझा. विमान तेच, माणसं तीच, नाश्ताही तोच.

आणि सही ऐच्छिक नाही. कलम ६१.१८९ प्रमाणे ज्याला ज्याला शिकवलं त्याच्या लॉगबुकात इन्स्ट्रक्टरने सही करायचीच आहे. काय शिकवलं, किती वेळ, सही, सर्टिफिकेटचा क्रमांक. तुझ्या लॉगबुकात "शिकवलं" अशी नोंद आहे आणि त्याच तारखेला मित्राच्या लॉगबुकात तुझी सही नाही, तर दोन वह्या शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं.

---

वातकुक्कुट

मला हे थोडं कडक वाटतंय. मी स्वतः सीएफआय आहे. अनुभवी इन्स्ट्रक्टर शेजारी बसला की समोरचा आपोआप नीट उडवतो, चेकलिस्ट वाचतो, वेग सांभाळतो. वेळ आली तर मी हस्तक्षेप करणारच आहे. ती जबाबदारी मी पूर्ण उड्डाणभर घेतलीये. अपघात झाला तर चौकशीत पहिला प्रश्न मलाच येणार. मग जबाबदारी माझी आणि तास माझे नाहीत, हा कुठला न्याय?

---

उजवी_सीट

तुमच्या मुद्द्यातला अर्धा भाग मला मान्य आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. शिकवण्याच्या उड्डाणात काही बिघडलं तर कंट्रोल्स कोणाच्याही हातात असोत, इन्स्ट्रक्टरलाच पीआयसी धरायचं, असा अमेरिकेतल्या निवाड्यांचा जुना कल आहे. म्हणूनच मी म्हणते की शिकवायचं की नाही हे इंजिन चालू करण्याआधी ठरवा. उतरल्यावर तास मोजताना नको.

पण "जबाबदारी वाटत होती" म्हणून "शिकवलं" असं होत नाही. नियमात शब्द आहेत ते अधिकृत इन्स्ट्रक्टर म्हणून काम करत असतानाचा वेळ. समोरच्याला माहीतच नसेल की तो धडा घेतोय, तर तुम्ही कोणाचे इन्स्ट्रक्टर? त्या माणसाने तुम्हाला शेजारी बसवलं मित्र म्हणून. त्याच्या नकळत त्याला विद्यार्थी करून तास लिहिणं मला त्याच्याशीही बरोबर वाटत नाही.

---

वातकुक्कुट

समोरच्याला माहीत असायला हवं, हा मुद्दा पटला. पण मग धड्याची किमान व्याख्या काय? तीन तासांच्या क्रॉसकंट्रीत, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या लांबच्या उड्डाणात, मी वीस मिनिटं डायव्हर्जन (ऐनवेळी वेगळ्या विमानतळाकडे वळणं) शिकवलं. तीन तास लिहू की वीस मिनिटं?

---

उजवी_सीट

आकडा नियमात नाही. मी असं बघते: पूर्ण उड्डाण धड्याचा भाग म्हणून आखलं होतं का? नियोजन, इंधनाचा हिशेब, रेडिओ, उंची बदलणं, मधेच डायव्हर्जन, परतीचं हवामान, हे सगळं शिकवणं असेल तर तीन तास शिकवणंच आहे, तुम्ही मधे एक तास गप्प बसला असलात तरी. चांगला इन्स्ट्रक्टर गप्प बसतोच. पण सहल होती आणि वाटेत सहज एक गोष्ट सांगितली, तर त्या वीस मिनिटांची नोंद करा. तेवढीच.

---

सहकारनगरचे_काका

मी वैमानिक नाही. मुलगी ॲरिझोनात आहे, इन्स्ट्रक्टर होऊन तास भरतेय. तिच्या फोनवरच्या बोलण्यात "तास" हा शब्द इतक्या वेळा येतो की आम्हा दोघांना काळजी वाटते. तिला कोणीतरी सुचवलंय की दोन इन्स्ट्रक्टरांनी एकत्र उडायचं, खर्च अर्धा अर्धा, आणि दोघांनीही पूर्ण वेळ इन्स्ट्रक्टर म्हणून लिहायचा. ती तयार नाही, पण विचारात पडलीये. हे चालतं का? आणि एवढी घाई कशाची असते?

---

उजवी_सीट

काका, आधी घाईचं सांगते, मग बाकीचं समजेल.

१२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर अमेरिकन संसदेने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ मध्ये नियम आला: एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचं सर्वात वरचं, सर्टिफिकेट हवं, म्हणजे साधारण १५०० तास. विद्यापीठातून विमानचालनाची पदवी घेतलेल्यांना १००० वर सवलत मिळते. त्याआधी अडीचशेच्या आसपास तासांवर नोकरी लागू शकत होती. आता २५० आणि १५०० मधली दरी भरायला नव्या वैमानिकाकडे सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे शिकवणं. त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वर होते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. तासांचा आकडा कौशल्याची हमी देत नाही. ते तास कशात गेले हे बघावं लागतं.

आता दोन इन्स्ट्रक्टरांचं. एक इन्स्ट्रक्टर दुसऱ्याला शिकवू शकतो, त्यात काही गैर नाही. मी स्वतः दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडून शिकते. पण एका वेळी शिकवणारा एक आणि शिकणारा एक. शिकणारा कंट्रोल्स हाताळतोय म्हणून पीआयसी लिहील, शिकवणारा इन्स्ट्रक्टर म्हणून लिहील. अर्ध्या वाटेवर भूमिका बदलल्या तर नोंदीही तिथेच बदलायच्या. दोघांनी एकमेकांना पूर्ण वेळ शिकवलं, ही नोंद खोटी आहे. तुमच्या मुलीला नको वाटतंय ते अगदी बरोबर आहे, तिला माझा निरोप सांगा.

खोटी नोंद सापडली तर कलम ६१.५९ खाली फक्त ती ओळ खोडली जात नाही, हातातली सगळी सर्टिफिकेट्स जाऊ शकतात. रद्द झाल्यावर पुन्हा अर्ज करायला वर्षभर थांबावं लागतं, आणि सुरुवात पहिल्यापासून. आयुष्यभर प्रत्येक मुलाखतीच्या फॉर्मवर तो प्रश्न असतो. सापडत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला विमान किती तास चाललं ते मोजणारं हॉब्स मीटर, भाड्याची बिलं आणि विमानाची जागा सतत प्रसारित करणारं एडीएस-बी आठवायला सांगा. १ जानेवारी २०२० पासून तिथल्या बहुतेक गर्दीच्या हवाई क्षेत्रात ते सक्तीचं आहे, विमान कधी उडालं कधी उतरलं याचा माग राहतो. शिवाय एका इन्स्ट्रक्टरने २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त हवेत शिकवायचं नाही असा नियम आहे. वाढवून लिहिणारे बऱ्याचदा तिथेच अडकतात, कारण बेरीज आठच्या पुढे गेलेली असते.

---

बारामती_सर्किट

इथली बाजू मी मांडतो. पुण्यातून उड्डाण शिकायचं म्हटलं की लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे आपली मुलं बारामतीला येतात, नाहीतर परदेशी जातात. परदेशातून आलेल्यांची लॉगबुकं मी बरीच बघतो.

आपल्याकडे डावा-उजवा दोघेही पी-वन, म्हणजे पीआयसी, ही कल्पनाच बसत नाही. रकाने ठरलेले: ड्युअल, पी-वन, पी-वन अंडर सुपरव्हिजन (देखरेखीखालचा कप्तान), पी-टू (को-पायलट). इन्स्ट्रक्टर चेक घेत असेल तर इन्स्ट्रक्टर पी-वन आणि डावीकडचा, लायसन्स असलं तरी, ड्युअल. इथे मित्राला सहज शिकवायला नेलं असंही होत नाही. शिकवणं मान्यताप्राप्त एफटीओमध्ये, म्हणजे उड्डाण प्रशिक्षण संस्थेत, तिथल्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली. (वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत सीएफआय म्हणजे कुठलाही सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर, इथे सीएफआय म्हणजे संस्थेचा मुख्य इन्स्ट्रक्टर.)

यामुळे परत आलेल्या मुलांची पंचाईत होते. डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या) सीपीएलला, म्हणजे कमर्शियल लायसन्सला, २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसी. मुलगा म्हणतो माझे १३० आहेत. वही उघडली की त्यात सेफ्टी पायलटचे, म्हणजे दुसरा फक्त उपकरणं बघून उडवण्याचा सराव करत असताना बाहेर बघत बसण्याचे, तास, डावीकडे बसून इन्स्ट्रक्टरसोबत घेतलेले तास, सगळं एकाच पीआयसी रकान्यात. अमेरिकेच्या नियमाने एकही नोंद खोटी नाही. पण इथल्या माणसाला समजेल असं त्यात काहीच वेगळं केलेलं नाही, आणि मुलगा टेबलासमोर बसून तारखा आठवत असतो.

माझी विनंती: तिथे असतानाच पहिल्या दिवसापासून वेगळा रकाना करा. एकट्याने उडवलेलं वेगळं, इन्स्ट्रक्टरसोबतचं वेगळं, सेफ्टी पायलट वेगळं. शेजारी कोण होतं त्याचं नाव आणि तो कोणत्या भूमिकेत होता ते रिमार्क्समध्ये. कोणी विचारलं तर पाच मिनिटांत बेरीज वेगळी काढून देता आली पाहिजे.

---

टच_अँड_गो

सर, हे आम्हाला तिथे कोणीच सांगत नाही. आजच रकाने करतो.

ताई, सेफ्टी पायलटचं पण सांगा. मित्र हूड (फक्त उपकरणं दिसतील असा डोळ्यांवरचा आडोसा) घालून उडवतो, मी बाहेर बघतो. मी सीएफआय आहे म्हणून तो वेळ शिकवण्यात धरला जातो का?

---

उजवी_सीट

बारामती_सर्किट, तुमचा प्रतिसाद मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवणार आहे, फार उपयोगी.

टच_अँड_गो, हूडखाली मित्र असेल तर बाहेर बघणारा सेफ्टी पायलट कायद्यानेच लागतो, कलम ९१.१०९. त्याच्याकडे किमान प्रायव्हेट लायसन्स आणि त्या वर्गाचं रेटिंग हवं. त्यामुळे मित्र हूडखाली असेल तेवढाच वेळ तू लिहू शकतोस. उड्डाणाचा कप्तान तू असशील असं आधी ठरलं असेल तर पीआयसी, नाहीतर एसआयसी, म्हणजे दुसरा वैमानिक. टॅक्सी, टेक ऑफ, हूड काढून केलेलं लँडिंग, यातलं काही नाही.

इन्स्ट्रक्टर म्हणून लिहायचं तर परत तोच प्रश्न: शिकवत होतास का? आणि इथे अजून एक अट आहे. रेटिंगसाठीचं किंवा प्रोफिशियन्सी चेकचं इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षण द्यायला इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं, ज्याला सगळे डबल-आय म्हणतात. ते नसेल तर तुझा धडा मित्राच्या त्या कामाला उपयोगाचा नाही. त्याला सहा अॅप्रोच, होल्डिंग वगैरे करून सहा महिन्यांची करन्सी, म्हणजे नियमाला हवा तेवढा ताजा सराव, राखायची असेल, तर साधा सेफ्टी पायलट पुरतो, तिथे इन्स्ट्रक्टरचा आव आणायची गरजच नाही.

मेडिकलचीही, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राचीही, एक गोष्ट सांगून टाकते, कारण वयस्कर इन्स्ट्रक्टरांना ती उपयोगी पडते. समोरचा स्वतः कप्तान व्हायला पात्र आणि करंट असेल, तर इन्स्ट्रक्टरला मेडिकल नसतानाही शिकवता येतं आणि तो वेळ पीआयसी लिहिताही येतो. पण समोरच्याचा दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरसोबत करायचा फ्लाइट रिव्ह्यू संपलेला असेल तर कप्तान तुम्ही, मेडिकल हवं. त्याने हूड घातला की तुम्ही आवश्यक क्रू, तरीही मेडिकल हवं. एकाच दुपारी एकाच विमानात हूड चढला आणि उतरला की उत्तर बदलतं. निघण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारा: तुझा रिव्ह्यू कधीचा, माझं मेडिकल कधीपर्यंत, आज कप्तान कोण.

---

हडपसरची_घार

मी ग्लायडरवाला, हडपसरला शिकलेला. दोन माणसं, दोन स्टिक, शिकवणारा मागच्या सीटवर. विंचवरून, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने केबलने ओढून, सोडलं की वारा नसेल तर काही मिनिटांत खाली. आमच्याकडे तासांपेक्षा लाँच मोजायची सवय म्हणूनच लागली. त्यामुळे तासांची ही ओढ मला बाहेरून बघायला मिळते.

ताईंच्या शेवटच्या ओळीला जोडून सांगतो. केबल लावायच्या आधी आमचे गुरुजी मोठ्याने विचारायचे, कमांड कोणाची? मागे बसलेल्या दुसऱ्या लायसन्सवाल्यालाही ते उत्तर द्यावं लागायचं. केबल तुटली तर खाली दहा मिनिटं चर्चा करायला वेळ नसतो, दोघांनी एकदम स्टिक ओढली किंवा दोघांनीही सोडून दिली तर संपलं. दोन अनुभवी माणसं एकत्र असली की हे जास्त होतं. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. विद्यार्थी असेल तर इन्स्ट्रक्टर सावध असतो. दुसरा लायसन्सवाला असेल तर सैल होतो. लॉगबुकाची चर्चा चांगलीच आहे, पण कमांड कोणाची हे ठरवायचं खरं कारण हे आहे.

---

वातकुक्कुट

घार, हे शंभर टक्के खरं. मी रेटेड पायलटसोबत उडताना विद्यार्थ्याबरोबरच्यापेक्षा कमी बोलतो, हे तुमच्या प्रतिसादाने जाणवलं. यापुढे ब्रीफिंगमध्येच ठरवणार: आज शिकवतोय की सोबत करतोय. सोबत असेल तर वहीत काही नाही.

---

बारामती_सर्किट

घार यांच्या प्रतिसादाला माझंही अनुमोदन. आपल्या क्षेत्रात पेनाने भरलेल्या तासांना पार्कर पेनचे तास म्हणायची पद्धत आहे. लोक हसत हसत म्हणतात, पण २०११ साली देशात बनावट गुणपत्रिका आणि न उडलेल्या तासांची प्रकरणं बाहेर आली तेव्हा प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलांच्या वह्याही संशयाने तपासल्या गेल्या. ते दिवस मी पाहिलेत. म्हणून या विषयावर मला हसू येत नाही.

---

सहकारनगरचे_काका

लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, दोन इन्स्ट्रक्टरांच्या त्या बेताला ती स्पष्ट नाही म्हणाली. आता तिचा एक प्रश्न: पूर्वीच्या काही नोंदी अशा आहेत की मैत्रिणीबरोबर उडाली, थोडं शिकवलं, पण पूर्ण वेळ लिहिला आणि सही राहून गेली. त्यांचं काय करायचं? आणि भारतात परत यायचं असेल तर एवढ्या तासांची गरज आहे का?

---

उजवी_सीट

काका, नोंद दुरुस्त करणं हा गुन्हा नाही. व्हाइटनर वापरायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख, स्वतःची आद्याक्षरं. शिकवलेला भाग खरा असेल तर मैत्रिणीला भेटून तिच्या लॉगबुकात त्या तारखेची नोंद आणि सही करून टाकायची, काय शिकवलं ते दोघींना आठवत असेल तरच. आठवत नसेल तर तो वेळ इन्स्ट्रक्टरच्या रकान्यातून काढायचा. पुढची पानं भरलेली असतील तर बेरजा सगळ्या बदलत बसायची गरज नाही, आजच्या पानावर वजा नोंद टाकून रिमार्क्समध्ये कारण लिहायचं. इलेक्ट्रॉनिक लॉगबुक असेल तर आधी जुनी प्रत काढून ठेवायची.

भारतात परत यायचं असेल तर १५०० ची शर्यत तिच्यासाठी नाही. इथे सीपीएल आणि टाइप रेटिंगवर (एका विशिष्ट विमानाच्या पात्रतेवर) को-पायलट म्हणून सुरुवात होते, १५०० तास पुढे एटीपीएलच्या, म्हणजे एटीपीसारख्याच इथल्या परवान्याच्या, वेळी लागतात. तिने आधी हे ठरवू दे की नोकरी कुठे करायचीये. इथे करायची असेल तर तिचे १०० पीआयसी तास निर्विवाद आहेत ना, ते बारामती_सर्किट यांनी सांगितल्याप्रमाणे वेगळे काढून बघा. कमी पडत असतील तर तिथे असतानाच एकटीने उडून भरून काढणं सोपं जाईल.

तिला वही घेऊन बोलायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करायला सांगा. मी महिनाअखेरपर्यंत पुण्यात आहे, नंतरही ऑनलाइन भेटू शकते.

---

सहकारनगरचे_काका

आजच सांगतो. मनापासून आभार, ताई.

---

टच_अँड_गो

रकाने केले. पाच केलेत: एकटा, इन्स्ट्रक्टरसोबत शिकताना, शिकवताना, सेफ्टी पायलट पीआयसी, सेफ्टी पायलट एसआयसी. बारामती_सर्किट सर, अजून काही हवं का?

---

बारामती_सर्किट

क्रॉसकंट्री आणि रात्रीचे तास प्रत्येक रकान्यात वेगळे दिसू देत. मार्ग आणि उतरलेले विमानतळ पूर्ण लिही, नुसतं "लोकल" नको. बाकी ठीक आहे.